कागदावर एक, तारांवर चार: पेडल स्टीलवरच्या एका डिमिनिश्ड कॉर्डचं प्रकरण

गाणं मराठी भावगीत, खमाजाच्या अंगाने बांधलेलं, संथ केरव्यातलं. चाल फोंड्याच्या एका पेटीमास्तरांची, शब्द त्यांच्या मित्राचे, गायिका डिचोलीची, पांढरी पाचमध्ये गाणारी. वाद्यमेळ बसवायचं काम माझ्याकडे होतं. तबला, पेटी, बेस, कीबोर्ड आणि पेडल स्टील गिटार असा संच ठरला. शेवटचं नाव ऐकून मास्तरांनी चष्मा वर केला. "ते हॉटेलात वाजतं ते?" तेच. कळंगुटच्या पट्ट्यात सिझनला जुनी इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या एका बँडमध्ये आमचा स्टीलवाला असतो. राहणारा फोंड्याचा, आणि मुळात हवाइयन गिटारवाला. शाळेच्या गॅदरिंगला मांडीवर गिटार आडवी ठेवून सिनेमाची गाणी वाजवणारे जे काका-मामा असत, त्यांच्याच वळणाचा. पेडल स्टील त्याच्याकडे आलं ते जहाजावर नोकरी करणाऱ्या चुलतभावामुळे. सेकंडहँड, एका गळ्याचं, दहा तारांचं, तीन पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचे चार लिव्हर.

अडचण आली ती ध्रुवपदाच्या शेवटच्या आवर्तनात. तिथे स्वर असे: पहिल्या दोन मात्रा मध्यम, पुढच्या दोन धैवत आणि पाचव्यापासून तार षड्जावर चार मात्रांचा ठेहराव. पुढच्या समेला पंचम. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, लिहून दिले होते कीबोर्डवाल्याने. साष्टीतला मुलगा, पॅरिश स्कूलमध्ये सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेला, क्वायरला चार आवाजांत गाणी बसवणारा. त्याने सहाव्या मात्रेपर्यंत सी मेजर ठेवला, सातव्या-आठव्याला सी शार्प डिमिनिश्ड (तीन-तीन अर्धस्वरांच्या अंतराने रचलेला कॉर्ड) आणि समेला जी मेजर, बेसमध्ये डी. पांढरी पाचचा सा म्हणजे जी. तेव्हा आपल्या भाषेत हा प्रवास म, तीव्र म, प असा खालच्या आवाजातून वर चढतो आणि त्याच्या डोक्यावर गायिकेचा सा जागचा हलत नाही. चर्चच्या संगीतात ही जुनी, खात्रीची वाट आहे. अमेरिकेतल्या हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑर्गनच्या जागी स्टील गिटार वाजते. तिथल्या गाण्यांतही ही वाट पावलोपावली भेटते. म्हणजे कॉर्डही योग्य होता आणि तो स्टीलला दिला हेही काही विचित्र नव्हतं.

पहिला टेक झाला. काचेपलीकडे बसलेले मास्तर म्हणाले, "सा उतरतोय."

साहजिकच सगळ्यांनी गायिकेकडे पाहिलं. तिने पाण्याची बाटली उचलली आणि काही बोलली नाही. पुन्हा ऐकलं. तिचा ट्रॅक एकटा लावला तर सा खुंटीला टांगल्यासारखा पक्का. स्टीलचा ट्रॅक एकटा लावला तर तोही गोड, कुठे खरखर नाही. दोन्ही एकत्र केले, कीबोर्डचा व्हायोलिनचा पॅड (मागे सलग धरलेला आवाज) वर घेतला, की सातव्या मात्रेला थरथर. मास्तरांचं पुढचं वाक्य मी लिहून ठेवलं: "हिचा नाही उतरत. कुणीतरी हिच्याखाली दुसरा सा लावतोय."

निदान इतकं नेमकं होतं की पुढचं सगळं काम त्याच्यावरच झालं.

आता वाद्य समजून घ्यायला हवं. पेडल स्टीलला पडदे नसतात. लाकडावर नुसत्या रेघा असतात, त्यांनाच फ्रेट म्हणायचं. डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हातात अंगठ्याला एक आणि बोटांना दोन पिक्स. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर, डावा पाय तीन पेडलांवर, दोन्ही गुडघे लिव्हरांच्या मध्ये. बार सगळ्या तारांवर आडवा सरळ पडतो, म्हणून गिटारवर बोटांनी कॉर्डचे आकार करतात तसे इथे होत नाहीत. तारा ज्या सुरांत लावल्या तोच कॉर्ड वर-खाली सरकतो. तो बदलायचा तर तारच ताणायची किंवा सैल करायची, आणि हे काम पेडलं करतात. बड आयझॅक्सने वेब पिअर्सच्या १९५४ साली गाजलेल्या एका गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबलं, कॉर्डच्या आतला स्वर ऐकता ऐकता वर चढला, आणि ते ऐकून बाकीच्या स्टीलवाल्यांनी आपापल्या वाद्यांना पेडलं बसवायला घेतली. पुढे बडी एमन्ससारख्यांनी त्या यंत्रणेला आजचं रूप दिलं. आमच्या स्टीलवाल्याची मांडणी त्याच एमन्स पद्धतीची, ट्यूनिंग ई नाइन.

ई नाइनमध्ये दहाव्या जाड तारेपासून वर येत गेलं तर स्वर असे: बी, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, बी, ई, जी शार्प, डी शार्प, एफ शार्प. ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा बी उचलून सी शार्प करतं. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा जी शार्प उचलून ए करतं. गुडघ्याचा एक लिव्हर चौथ्या आणि आठव्या तारेचा ई अर्ध्या स्वराने चढवून एफ करतो. त्याला एफ लिव्हर म्हणतात. दुसरा लिव्हर त्याच दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवून डी शार्प करतो. या प्रकरणाला एवढं पुरे.

एफ लिव्हर नुसता ढकलला की काय होतं पाहा. दहावी तार बी, नववी डी, आठवी एफ, सहावी जी शार्प. बी, डी, एफ, जी शार्प: पूर्ण चार स्वरांचा डिमिनिश्ड सेव्हन्थ, एका लिव्हरवर, एकही पेडल न दाबता. स्टील शिकणाऱ्याला ही जागा सापडते तेव्हा लॉटरी लागल्यासारखं वाटतं, कारण या कॉर्डचे चारही स्वर एकमेकांपासून तीन-तीन अर्धस्वरांवर असतात. बार तीन फ्रेट पुढे नेला की तेच चार स्वर परत मिळतात, फक्त तारा बदलून. अशा कॉर्डचे एकंदर वेगळे प्रकार तीनच. उरलेली सगळी नावं. आपल्याला हवा होता सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट, म्हणजे तीव्र म, ध, सा, कोमल ग. तो एफ लिव्हरने दुसऱ्या फ्रेटवर मिळतो, पाचव्यावर, आठव्यावर आणि अकराव्यावरही.

स्टीलवाल्याने दुसरा फ्रेट निवडला. कारण साधं: तिसऱ्या फ्रेटवर ए आणि बी पेडलं दाबून तो सी मेजर वाजवत होता, आणि पेडलं सोडली की त्याच तिसऱ्या फ्रेटवर जी मेजर आहे. मधल्या कॉर्डसाठी एक घर मागे जायचं आणि परत यायचं. हाताला सर्वांत जवळची वाट.

आता सहावी, पाचवी आणि चौथी या तीन तारांवर हे टप्पे मांडून पाहू. सी मेजरला त्या तारांवर सी, ई, जी. डिमिनिश्डला बी फ्लॅट, सी शार्प, जी. शेवटी बी, डी, जी. कागदावर सुरेख. चौथ्या तारेवर जी, जी, जी, म्हणजे सा, सा, सा. पण हा सा स्थिर राहतो कसा? बार एक घर मागे जातो तेव्हा तार अर्धा स्वर उतरते आणि त्याच क्षणी गुडघा ती अर्धा स्वर चढवतो. समेला बार पुढे, लिव्हर बाहेर. दोन विरुद्ध हालचाली एकमेकींना खोडतात म्हणून सा जागेवर आहे असं भासतं. त्यात केसभर मागेपुढे झालं की सा वाकतो. गायिका ज्या स्वरावर चार मात्रा निश्चल उभी आहे नेमका तोच स्वर, त्याच सप्तकात, स्टीलवर दोनदा डगमगत होता. हे पहिलं कारण. सरावाने ते सुटलंही असतं.

दुसरं कारण सरावाने सुटणारं नव्हतं. मी स्टीलवाल्याला सांगितलं, बार दुसऱ्या फ्रेटवर ठेव, लिव्हर दाबून धर आणि चौथी तार एकटी छेड. ट्यूनरवर जी आला, पण जवळजवळ ३० सेंट खाली. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तर हा सा अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका उतरलेला. तार जी ३९२ हर्ट्झचा धरला तर ३० सेंटांचा फरक साडेसहा हर्ट्झच्या पुढे जातो. म्हणजे पॅडच्या सा बरोबर सेकंदाला सहा-सात ठोके, दोन जवळचे स्वर एकत्र वाजले की आवाजात येतात ते चढउतार. मास्तरांना ऐकू येत होती ती थरथर हीच.

मग वाद्य बेसूर लावलं होतं का? अजिबात नाही. उलट फार सुरात लावलं होतं. तानपुरा नीट जुळला की त्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो कीबोर्डच्या गांधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली असतो. स्टीलवाले पेडलांचे स्वर कानाने लावतात, ठोके थांबेपर्यंत, म्हणजे याच स्वयंभू गांधारावर. ए आणि बी पेडलांच्या ए मेजरमध्ये सी शार्प हा गांधार. तो सुमारे १६ सेंट खाली बसतो, कारण खुद्द ए दोन सेंट खाली असतो. आता एफ लिव्हरचा मुख्य उपयोग डिमिनिश्डसाठी नसतोच. ए पेडल आणि एफ लिव्हर मिळून सी शार्प मेजर होतो, आणि स्टीलवाला एफ लिव्हर लावतो तो या कॉर्डमध्ये. तिथे एफ हा आधीच उतरलेल्या सी शार्पचा गांधार. गांधाराचा गांधार. १६ मध्ये आणखी १४ मिळवले की ३०. ज्या कॉर्डसाठी तो लावला त्यात तो मधासारखा लागतो. तोच एफ डिमिनिश्डमध्ये वापरला आणि दुसऱ्या फ्रेटवर नेला, तर त्याचा होतो जी. आमच्या गाण्याचा षड्ज.

पेटीची आणि स्टीलची गंमत इथे दिसते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांच्या वर टिकली. तक्रार ही की पेटीचे स्वर ठोकळ्यासारखे एका जागी, मींड नाही, श्रुती नाही. इकडे स्टीलचे स्वर नको तितके श्रुतिशुद्ध निघाले आणि बंदी सोसलेल्या पेटीवाल्यानेच ते पकडले. मास्तरांना मी हे म्हटलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ते सगळं खरं, पण सा एकच असतो."

यावर सर्वांत सोपा उपाय कीबोर्डवाल्याने सुचवला: एफ लिव्हरच वर लावून टाक. वाद्याच्या उजव्या टोकाच्या प्लेटवर नायलॉनचे छोटे षटकोनी नट असतात. पाना घालून नट फिरवला की त्या लिव्हरचा स्वर किती चढेल ते ठरतं. अर्ध्या मिनिटाचं काम. स्टीलवाल्याने पाना हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. "मग सुरुवातीच्या पीसमधला सहाव्या फ्रेटवरचा जी फाटेल त्याचं काय?" त्याचं बरोबर होतं. गाण्याच्या आरंभी स्टीलचा जो एकट्याचा तुकडा आहे तो ए पेडल आणि एफ लिव्हरच्या त्या जी मेजरवरच विसावतो, आणि तिथे एफ लिव्हरची तार गांधार देते. दोन मात्रांच्या कॉर्डसाठी अख्ख्या पीसचा विसावा बिघडवण्यात अर्थ नव्हता. अधलामधला नट लावता येतो, पुष्कळ वादक लावतातही, पण मग दोन्हीकडे थोडं थोडं खुपत राहतं. रेकॉर्डिंगला ती तडजोड मला नको होती.

म्हणून आम्ही बाकीच्या जागा तपासल्या. कागदावर चारही फ्रेट सारखेच. तारांवर नाहीत, कारण प्रत्येक फ्रेटला सा वेगळ्या तारेवर येतो. दुसऱ्यावर तो एफ लिव्हरच्या तारेवर, ३० सेंट खाली. अकराव्यावर जी शार्पच्या तारांवर. त्या तारा ई मेजरचा गांधार म्हणून लावलेल्या, तेव्हा १४ सेंट खाली. पाचव्यावर सा नवव्या तारेवर, पण तिथे तो खालच्या सप्तकात जाड तारेवर पडतो आणि बेसच्या पायात येतो. आठव्यावर सा पाचव्या आणि दहाव्या तारेवर, म्हणजे मोकळ्या बीवर. ही तार ईचा पंचम म्हणून लावलेली. कीबोर्डशी तिचा फरक दोन सेंट. कुणाच्या कानाला लागणार नाही.

आठव्या फ्रेटची आणखी एक खुबी. पेडल न दाबता तिथे सी मेजरच आहे: सहावी तार ई, पाचवी जी, चौथी सी. सी मेजर वाजवायचा, मग एफ लिव्हर ढकलायचा. ई हलत नाही, जी हलत नाही, बार हलत नाही. फक्त चौथ्या तारेचा सी चढून सी शार्प होतो. मध्यमाचा तीव्र मध्यम होताना ऐकू येतो आणि बाकी सगळं शांत. डिमिनिश्डची याहून स्वच्छ ओळख मला तरी माहीत नाही; शिकवायची वेळ आली तर मी इथूनच सुरुवात करीन आणि "तीन-तीन फ्रेट सरका" हे नंतर सांगेन.

ऐकलं. सा स्थिर. पण तीव्र मध्यम आता एफ लिव्हरवर, म्हणजे ३० सेंट खाली. जो स्वर पंचमाकडे ओढ घेतो म्हणून कॉर्डमध्ये आहे, तोच आळसावलेला. बेसवाला फ्रेटच्या गिटारवर त्याच वेळी पक्का सी शार्प वाजवत होता; दोघांचं पटेना. शिवाय इथून जी मेजरला जायला बार दहाव्या फ्रेटवर न्यावा लागतो, म्हणजे सगळे स्वर एकदम हलणार.

दहावा फ्रेट मात्र डोक्यात राहिला. तिथे ए आणि बी पेडलांवर जी मेजर आहे. मग त्याच फ्रेटवर, बार न हलवता, जीच्या आधीचा डिमिनिश्ड मिळेल का? स्टीलवाल्याने पाय फिरवून पाहिले आणि सापडलं. बी पेडल दाबायचं आणि ई उतरवणारा लिव्हर ढकलायचा. मोकळ्या वाद्यावर आठवी तार डी शार्प, सातवी एफ शार्प, सहावी ए. तीन स्वरांचा डिमिनिश्ड. दहाव्या फ्रेटवर तेच सी शार्प, ई, जी. कोमल ग नाही, पण तो कीबोर्डकडे आहेच. आता सेंट मोजा. डी शार्प हा बीचा गांधार म्हणून लावलेला, सुमारे १२ सेंट खाली. सहाव्या तारेचा ए दोन सेंट खाली. म्हणजे दहाव्या फ्रेटवर तीव्र मध्यम थोडासाच उतरलेला आणि सा जवळजवळ कीबोर्डबरोबर: आधी सेकंदाला सहा-सात ठोके होते, आता दोन सेकंदांना एकसुद्धा पुरा नाही.

आणि सुटका? गुडघा बाहेर काढायचा. आठवी तार डी शार्पवरून ईवर परत येते, म्हणजे दहाव्या फ्रेटवर सी शार्पवरून डीवर. तीव्र मध्यम ते पंचम, एक छोटी मींड, तीही लिव्हर दाबून नव्हे तर सोडून. सहावी तार बी पेडलवर तशीच. सा तसूभर हलत नाही. घोटा किंचित कलता केला की ए पेडलही दाबलं जातं आणि पाचव्या तारेवर बी, आपला शुद्ध गांधार, येऊन जी मेजर पुरा होतो. सातवी तार डिमिनिश्डपुरती. ती पुढे हाताने बंद करायची.

सी मेजर आठव्या फ्रेटवर आणि हा कॉर्ड दहाव्यावर, म्हणजे मध्ये दोन घरांची उडी राहते. ती घसरत न जाता तोडून घ्यायची असं ठरलं. सहाव्या मात्रेच्या शेवटी तळहाताने तारा बंद, व्हॉल्यूम पेडल मागे, बार उचलून दहाव्यावर, सातव्याला नव्याने छेड. स्टीलवाल्यांना असं तोडणं जिवावर येतं. घसरत जाणं हा या वाद्याचा धर्म आहे, आणि आमच्या मित्राने पहिल्या वेळी नेहमीच्या सवयीने घसरूनच घेतलं. डिमिनिश्ड कॉर्ड अख्खा घसरवला की मूकपटातल्या खलनायकाच्या प्रवेशासारखा वाटतो. भावगीताच्या ध्रुवपदात हसू येतं. बाहेरून आत येताना तोडायचं आणि आत असताना फक्त एक स्वर वाहू द्यायचा, हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

इथवर वाद्याचा प्रश्न सुटला. गाण्याचा राहिला होता.

गायिका त्या लांब सा च्या शेवटी एक हरकत घेते: सां, कोमल नी, ध, म, आणि समेला प. दर वेळी थोडी वेगळी, पण म हमखास. आठव्या मात्रेच्या उत्तरार्धात तिचा शुद्ध मध्यम आणि आमचा तीव्र मध्यम समोरासमोर. मास्तर म्हणाले, "खमाजात तीव्र मध्यम कुठून आणलात?" कीबोर्डवाल्याने त्याच्या परीने समजावलं, "अंकल, तो कॉर्डमधला स्वर आहे, मेलडीतला नाही." मास्तरांना हे पटण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात मेलडीची पेटी वेगळी आणि कॉर्डची वेगळी अशी नसते. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळात सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोव्याच्या लोकांनी जे केलं त्याचं मोल इथेच कळतं. रागदारीच्या चालीखाली पाश्चात्त्य स्वरसंगती बसवताना गाणाऱ्याच्या जागा त्यांना सांभाळाव्या लागत.

मी मास्तरांना केदाराची आठवण दिली. दोन्ही मध्यम तिथे सुखाने नांदतात. बिहागातही तीव्र मध्यम पंचमाच्या आधाराने येऊन जातो. कानाला परका स्वर खुपतो तो परका म्हणून नाही. थांबला तर खुपतो. पंचमाला टेकून लगेच गेला तर चालतो. मास्तरांनी पेटीवर म, तीव्र म, प असं दोनदा वाजवून पाहिलं, मग तीव्र मध्यमावर बोट ठेवून तसंच धरलं आणि तोंड वाकडं केलं, मग पुन्हा झटकन वाजवलं. "एक मात्रा," ते म्हणाले. "आठव्याच्या आत पंचमावर जा. तिची हरकत मोडायची नाही."

एक मात्रा ठरली. डिमिनिश्ड फक्त सातव्याला. आठव्याच्या ठोक्यावर स्टीलवाल्याचा गुडघा बाहेर आणि बेस डीवर. गायिका नंतर म घेते तेव्हा तिच्याखाली सा आणि प, दुसरं काही नाही. कीबोर्डवाला चारही स्वर दोन्ही हातांनी दाबत होता. त्याला फक्त ध आणि कोमल ग ठेवायला सांगितलं, तेही आठव्याला सोडून द्यायचे. तीव्र म बेसकडे आणि स्टीलच्या आठव्या तारेकडे, सा गायिकेकडे आणि सहाव्या तारेकडे. सातव्या तारेचा ध मग जास्तीचा झाला. स्टीलवाल्याने तोही गाळला आणि दोनच तारा ठेवल्या. चार स्वरांचा कॉर्ड, पण एका वाद्यावर चारही स्वर कुठेच नाहीत.

कीबोर्डवाल्याला हे थोडं लागलं. त्याचा मूळ कॉर्ड दोन मात्रांचा, भरगच्च, क्वायरमध्ये लोक ज्यावर श्वास रोखतात तसला होता, आणि आम्ही त्याचा सांगाडा केला. त्याचं म्हणणं असं की शेवटच्या ध्रुवपदाला तरी, जिथे गायिका हरकत घेत नाही, तिथे पुरा कॉर्ड वाजू द्या. दिला. तिथे दोन मात्रा, चारही स्वर, स्टीलवर तेच दहाव्या फ्रेटवरचे दोन. तो शेवट मला आज ऐकताना किंचित जड वाटतो, मास्तरांना आवडतो. गंमतच आहे.

पाऊस असल्यामुळे स्टुडिओत एसी सतत चालू होता आणि दर टेकला मोकळ्या तारा पुन्हा जुळवाव्या लागत होत्या. ए आणि बी पेडलं एकदम दाबली की वाद्याचं अंगच थोडं वाकतं आणि बाकीच्या तारा दोन-चार सेंट उतरतात. म्हणून मोकळ्या ई तारा किंचित चढ्या लावून घेतल्या. वर दिलेले सगळे आकडे हे गणिताचे; प्रत्यक्षात ते या वाकण्याने आणि बार धरणाऱ्या हाताने इकडेतिकडे होतात. बार रेघेच्या बरोबर वर धरायचा असं पुस्तकं सांगतात. चांगला वादक रेघ बघून बार ठेवतो आणि मग कानाने सरकवतो.

दुसऱ्या अंतऱ्यात आणखी एक डिमिनिश्ड होता. अंतरा जी मेजरवर सुरू होऊन सीकडे जातो. तिथे तिसऱ्या फ्रेटवर नुसता एफ लिव्हर दाबला की डी, एफ, ए फ्लॅट, बी मिळतात, म्हणजे जी सेव्हन्थला कोमल रिषभाची फोडणी, आणि मग त्याच फ्रेटवर ए आणि बी पेडलांनी सी. बार हलवायचा नाही, सगळं पायांनी. स्टीलवाल्याची ही लाडकी जागा. हॉटेलात ती वाजली की टेबलावरचे लोक वळून बघतात म्हणे. मास्तरांनी एकदाच ऐकली. "कोमल रे?" मी काही बोलायच्या आत स्टीलवाल्यानेच लिव्हर सोडला आणि नवव्या तारेचा कोमल निषाद तेवढा ठेवून साधा जी सेव्हन्थ वाजवला: सा, ग, प, कोमल नी, तिथून मध्यमावर. खमाजाची स्वतःची वाट. तो कॉर्ड आम्ही काढून टाकला, आणि तिथे एफ लिव्हरचे सेंट मोजायची वेळच आली नाही.